देवीला जाणाऱ्या चौघी

अनसिंगला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. बाया माप द्यायला येतात, टेकतात, आणि हळूच म्हणतात, "तलावावरचं काही सांगा ना." एक किस्सा काढला की त्याच्या मागोमाग दुसरा येतो, हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय. पूर्वी सांगता सांगता मीच आधी हसायचे. आता मधेच थांबावं लागतं. मग सुईत दोरा ओवत असल्यासारखं करते, आणि पुढचा सांगते.

*

आमचा ग्रुप सुरू झाला तो रेखा मॅडमच्या शुगरमुळे. मॅडम शाळेतून रिटायर झाल्या आणि डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितलं. गावात चाललं की दर घरापाशी कोणीतरी विचारणार, "मॅडम, कुठं?" म्हणून आम्ही रविवारी टेकड्यांमधल्या तलावावर जायचं ठरवलं. मॅडम, मी आणि माझी शेजारीण सुशीला. पायथ्यापर्यंत ऑटो, पुढे चढ.

बायकांनी नुसतं फिरायला जायचं, हे घरी पटणार नव्हतं. तलावाच्या बांधावर देवीचं लहानसं देऊळ आहे. आम्ही घरी सांगितलं, देवीला जातो. सुशीलाची सासू दर रविवारी नारळ द्यायची. आम्ही तो देवीपुढे फोडायचो आणि पाण्यात पाय सोडून सगळा संपवायचो.

चार-सहा महिन्यांनी सासू म्हणाली, "देवी पावून राह्यली व तुमाले. तोंडं कशे टवटवीत दिसून राह्यले!"

*

सुशीला आणि तिचा नवरा माधवराव यांचा गावालगत भाजीचा मळा. वांगी, कोबी, सांबार म्हणजे कोथिंबीर. सुशीला बोलायची कमी. एकदा उन्हाळ्यात आम्ही काठावर बसलो होतो. तिनं पदर खोचला, लुगड्याचा काचा मारला आणि सरळ पाण्यात शिरली. आम्हाला वाटलं, पाय धुते. बघतो तर ही तलावाच्या मध्यावर.

मॅडम उभ्याच राहिल्या. ती परत आल्यावर म्हणाल्या, "सुशीला, तुला पोहता येतं? कधी बोलली नाहीस ती?"

"माहेर नदीच्या काठी व्हतं," ती केस पिळत म्हणाली. "सासरी कोनी इचारलंच नाही, तं सांगू कोनाले?"

*

मग तिनं आम्हाला शिकवायचं मनावर घेतलं. पाठीला तेलाचा रिकामा कॅन बांधायची आणि ढकलायची. मी गटांगळ्या खात शिकले. मॅडम गुडघ्याच्या पुढे कधीच गेल्या नाहीत. सगळ्यांत लवकर शिकली ती गंगा. ती काठावरच्या वस्तीतली. जन्मापासून तलाव बघत होती, पण घागरीपुरताच. आम्हाला बघून एक दिवस आली आणि म्हणाली, "मले बी ढकला."

एकदा वाशीमकडून पोरांचं टोळकं पिकनिकला आलं होतं. आमचे कॅन बघून हसायला लागलं. एकानं मोबाईल काढून शूटिंग सुरू केलं. सुशीला तशीच निथळत त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"झाला काढून? आता घरी मायले दाखवजा. म्हना, तू बी येत जाय."

त्या मुलानं मोबाईल खिशात टाकला. पुढच्याच महिन्यात तो त्याच्या आईला घेऊन आला. ती पाण्यात उतरली नाही, पण दिवसभर बसून होती. जाताना म्हणाली, "इथं कोनी काही मांगत नाही, हे लय चांगलं हाय."

*

दिवाळी झाली की गंगाची वस्ती रिकामी व्हायची. सगळे ऊसतोडीला. कुडाच्या दारांना कुलपं, अंगणात म्हातारी माणसं. आम्ही तिघीच पाण्याशी बसायचो.

गंगाच्या मुलीला, पूजाला, मॅडम घरी बोलावून शिकवायच्या. दहावीला तिला स्वतःकडेच ठेवून घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. खोलीही रिकामी करून ठेवली होती. त्या वर्षी ऊसतोडीहून गंगा परतली ती पेढ्यांचा पुडा घेऊन.

"मॅडम, तिकडंच ठरलं पूजाचं. दिवसभर आमी फडात. पाचटाच्या कोपीत एकटी पोरगी ठेवाले भेव वाटे."

गंगा पुडा पुढं धरून तशीच उभी. शेवटी मॅडमनी एक पेढा घेतला. शुगर होती, तरी अख्खा खाल्ला.

*

सुशीलाच्या छातीत गाठ होती. तिला ती कधीची माहीत होती. कोबी निघेपर्यंत बोलली नाही. मग अकोल्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. केस गेले तेव्हा म्हणाली, "बरं झालं, आता वाळवाची कटकट नाही."

डॉक्टरांनी तलावाच्या पाण्यात उतरायला मनाई केली. तरी ती यायची. माधवराव तिला मोटारसायकलवर वरपर्यंत सोडायचे आणि लगेच वाशीमला निघायचे, रविवारचा बाजार गाठायला. ती दगडावर बसून मला सूचना करायची, "पाय मार. पाय मार व, झोपली काय?"

एकदा मी बाहेर आले तर म्हणाली, "मले थोडं पानी दे."

मी बाटली पुढं केली.

"ते नाही. ते." तिनं तलावाकडं बोट केलं.

मी डब्यात पाणी भरून आणलं. तिनं त्यात बोटं बुडवली आणि डोळे मिटून तशीच बसून राहिली. डबा मी धरला होता. हात भरून आला, पण हलले नाही.

ती गेली तेव्हा गंगा ऊसतोडीला, फडात होती. मी फोन केला. पलीकडून फक्त कोयत्यांचा आवाज येत राहिला.

*

आणि हा शेवटचा. हा मी दुकानात फारसा सांगत नाही.

गंगा परत आल्यानंतरचा पहिला रविवार. आम्ही तिघी काठावर बसलो होतो. कोणी पाण्यात उतरलं नव्हतं. खालून मोटारसायकलचा आवाज आला. माधवराव. गाडीला भाजीच्या गोण्या नव्हत्या. ते येऊन आमच्यापासून जरा दूर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

मग त्यांनी विचारलं, "ते पोहतानी कशी दिसे?"

त्यांची बोटं टोपीच्या कडेवरून फिरत होती.

"मी कधी पाह्यलीच नाही. बाजार राहे ना."

मॅडमनी सांगायला तोंड उघडलं आणि पदर तोंडाला लावला. गंगा उठली. तिनं काचा मारला आणि पाण्यात शिरली. सुशीलानंच शिकवलेली, त्यामुळे तशीच पोहायची, मान उंच काढून, पाण्याचा आवाज न करता. ती लांब लांब जात राहिली. उन्हात नुसतं काळं डोकं दिसत होतं.

माधवराव उभे राहिले. टोपी खाली पडली. ते पाण्याच्या कडेपर्यंत गेले आणि त्यांनी हाक मारली, "सुशीले, लय दूर चालली व. ये आता मांगं."

मधोमध ते डोकं थांबलं. वळलं.

"आली," गंगा म्हणाली.