काटेकोरांची चौसष्टकी

पडदा वर जातो तेव्हा समोर एकच खोली दिसते. दुसरा मजला, डावीकडे खिडकी, उजवीकडे जिन्यात उघडणारं दार. मधोमध पत्र्याची ट्रंक. तीच टेबल, तीच कपाट आणि पाहुणा आला तर तीच सोफा. एक खुर्ची, रस्त्यावर कुणीतरी टाकून दिलेली, चौथ्या पायाला सुतळीचं बँडेज. जमिनीवर गादी. खिडकीखाली भिंतीला लोखंडी हीटर, आणि त्यावर क्रमाने चहाचा डबा, दाढीचं सामान, दोन बादल्या नि वाळत घातलेले मोजे. पाच महिने झाले, हीटरचा उपयोग फळी म्हणून चालला होता. बाहेर तळ्याचं पाणी गोठलं होतं.

रंगमंचावर पात्रं दोन. एकाच्या अंगात घरातल्या घरात ओव्हरकोट. हे आपले नायक. दुसरीच्या अंगावर दोन स्वेटर, त्यावर शाल आणि डोक्याला रुमाल, या वहिनी. नायकांचं खरं नाव आता त्यांच्या पासपोर्टालाच ठाऊक. सगळे त्यांना काटेकोर म्हणत. धंदाच तसा होता, वजनकाटे दुरुस्त करायचा. एकतीस वर्षं त्यांनी वाण्याचे, सोनाराचे, रद्दीवाल्याचे काटे सरळ केले. पुढे काटा बिघडला की लोक दुरुस्त करायच्या ऐवजी नवा आणू लागले, तेव्हा बावन्नाव्या वर्षी वजनकाट्यांच्या एका परदेशी कारखान्याची नोकरी पत्करून ते बिऱ्हाडासह निघाले.

निघाले तेसुद्धा काटेकोरपणे. इथून नेलेली वस्तू म्हणजे तिथला खर्च वाचला, हे सूत्र. म्हणून सामानात तीन वर्षांचा अंगाचा साबण, खिळे, दोऱ्याची रिळं, झाडू आणि रिकाम्या जायला नकोत म्हणून बादल्यांच्या पोटात कोंबलेली भांडी. विमानतळावरच्या मुलीने ट्रंक काट्यावर ठेवली आणि म्हणाली, "काका, तेवीसची मर्यादा आहे. तीनशे ग्रॅम जास्त भरतंय. काढा, नाहीतर पैसे भरा."

काटेकोर शांतपणे म्हणाले, "मुली, माझी ट्रंक बरोब्बर तेवीस आहे. तुझा काटा खोटं बोलतोय." आणि त्यांनी ट्रंक खाली उतरवली, कोटाच्या खिशातून पितळी किलोचं वजन काढून रिकाम्या काट्यावर ठेवलं. आकडा उमटला एक किलो तीनशे. मागच्या रांगेने टाळ्या वाजवल्या. आयुष्यात त्यांना मिळालेला तो एकमेव वन्स मोअर. वहिनी मात्र लाजेने अर्ध्या झाल्या होत्या.

आणखी एक करामत त्यांनी केली होती. जायचं तिकीट महाग आणि जायचं-यायचं स्वस्त, हा विमान कंपनीचा उफराटा न्याय त्यांनी हेरला आणि दोघांचीही जाऊन-येऊन तिकिटं काढली. परतीचा कागद तेव्हापासून ट्रंकेवर होता, त्याच पितळी वजनाखाली. मुदत सहा महिने.

नव्या देशात पाऊल टाकताच त्यांनी पहिलं काम केलं ते पाढ्याचं. इथला एक म्हणजे तिथले चौसष्ट. लहानपणी पावकी, निमकी, दिडकी, औटकी घोकल्या होत्याच; आता चौसष्टकी त्यांनी स्वतः रचली आणि आठवड्यात तोंडपाठ केली. मग संसाराचा गाडा त्या पाढ्यावर चालू लागला. कोबीचा गड्डा दोनला. चौसष्ट दुणे एकशे अठ्ठावीस! काटेकोर गड्ड्याकडे असे बघायचे, जणू तो दरोडेखोर. केस कापायला चौदा. चौसष्ट चौदे आठशे शहाण्णव! त्यामुळे केस वहिनी कापत, शिवणकामाच्या कात्रीने, आणि काटेकोर आठवडाभर टोपी घालून हिंडत. बसला तीन. म्हणून कारखान्यापर्यंत पायी, पाऊण तास, आणि झिजलेल्या बुटांच्या तळव्याची किंमत बसभाड्यातून वजा करायला ते विसरत नसत.

हीटरला दिवसाला सहा. चौसष्ट सक तीनशे चौऱ्याऐंशी. महिन्याचे अकरा हजार पाचशे वीस. "एवढ्यात आपण तिथे तीन महिने घर चालवलं असतं," ते म्हणाले आणि हीटरवर चहाचा डबा ठेवला.

एका बाबतीत मात्र हा पाढा मोठा गोड लागे. दर रविवारी ताईचा, म्हणजे थोरल्या बहिणीचा, फोन येई.

"पगार किती म्हणालास रे?"

"एक लाख चौतीस हजार चारशे," काटेकोर छाती काढून सांगत. इथला पगार एकवीसशे. पण एकवीसशे हा काय बहिणीला सांगायचा आकडा झाला?

"राजा आहेस हो तू! मग भाच्याच्या मोटरसायकलचं काय ते बघ जरा. आणि तुझ्या मेव्हण्यांचे दात बसवायचेत. तुला काय, चार दिवसांची कमाई."

घरचं झालं थोडं नि व्याह्याने धाडलं घोडं. मोटरसायकल गेली, दात गेले. वरच्या मजल्यावर एक बसड्रायव्हर राहत. वीस वर्षांपूर्वी इथे आलेले, आपल्याच भाषेचे, तोंडाचे फटकळ आणि मनाचे मोकळे. ते एकदा ट्रंकेवर बसून म्हणाले, "भाऊ, एक विचारू? खर्चाला गुणून तुम्ही रडता आणि पगाराला गुणून फुगता. खर्च तिथला, पगारही तिथला. मग तुम्ही राहता कुठे? विमानातच का?"

काटेकोर म्हणाले, "चहा घेणार का?"

"नको. पाढा म्हणाल."

हसण्यावारी गेलं. पण थंडी काही हसण्यावारी जाईना. वहिनींच्या हातात कला होती. कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्या बाईने त्यांना काम दिलं होतं, विजारी आखूड करायच्या, काजं करायची. या देशात कुणी त्यांना 'छान' म्हटलं असेल तर ते तिथे. त्या महिन्यात थंडीने वहिनींची बोटं सुजली, लाल झाली, रात्रंदिवस खाजू लागली. एका संध्याकाळी काटेकोर घरी आले तेव्हा वहिनी सुईत दोरा ओवत होत्या. पाच वेळा, सहा वेळा. सातव्या वेळी सुई बोटांतून निसटली. त्यांनी ती उचलली नाही. पितळी वजन बाजूला केलं आणि खालचा कागद घेतला.

"अहो, याची मुदत महिनाअखेर संपते."

"माहितीय."

"ड्रायव्हर भाऊजींकडून मी फोन करवला आज. या रविवारची जागा आहे. दुपारी तीन वीस."

काटेकोरांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "म्हणजे? तू जाणार?"

"पैसे भरलेत ना? तुम्हीच म्हणता, पैसे भरलेली वस्तू फुकट घालवणं म्हणजे पाप."

आता बोला! वाद घालावा तर कुठून? स्वतःचंच सूत्र, स्वतःचंच तिकीट. ते म्हणाले, "अगं पण..." आणि पुढचं वाक्य विसरलेल्या नटासारखे उभे राहिले. विंगेतून कुणीही प्रॉम्प्ट केलं नाही.

शुक्रवारी वहिनींनी बॅग भरली. "जरा वजन करून द्या," त्या म्हणाल्या, कुणी डब्याचं झाकण उघडून मागावं तसं. काटेकोरांनी आपला आकड्याचा काटा दाराच्या कडीला अडकवला, बॅग टांगली. अकरा किलो चारशे. त्यांचा विश्वास बसेना. बॅग काढली, पितळी किलो लावून काटा तपासला, पुन्हा टांगली. अकरा चारशे.

"येताना तुझी तेवीस होती."

"साबण ट्रंकेत ठेवले. दोरे संपले. भांडी तुम्हाला लागतील, ठेवलीत." वहिनी शालीची घडी घालत होत्या. "शालही ठेवते. तिथे कुठे थंडी?"

त्या रात्री काटेकोरांनी चौसष्टकी म्हटली नाही. म्हणायला घेतली, पण चौसष्ट चोकपाशी अडखळले.

शनिवारी कारखान्याने त्यांना एका पाववाल्याकडे पाठवलं. पाववाल्याने दुकान रस्त्याच्या अलीकडून पलीकडे हलवलं होतं. तेव्हापासून धंदा दुप्पट आणि गल्ल्यात मात्र खडखडाट. भट्टीच्या उबेत पाच मिनिटं उभं राहिल्यावर काटेकोरांच्या चष्म्यावर धुकं आलं; ते पुसून त्यांनी काटा पाहिला, किलोचं वजन ठेवलं आणि कपाळाला हात लावला. घरी येईपर्यंत त्यांचा संताप उतरला नव्हता.

"अगं, काय माणसं असतात!" दारातच सुरुवात झाली. "काटा जुन्या दुकानातून उचलला आणि नव्यात नेऊन ठेवला. तसाच! पातळी बघितली नाही, शून्य केलं नाही. कणकेच्या एकेका गोळ्यामागे चाळीस ग्रॅमचा घाटा. तीन महिने तो बाबा नव्या दुकानात बसून जुन्या दुकानाच्या मापाने पाव विकतोय!"

"मग तुम्ही काय सांगितलंत त्याला?"

"काय सांगणार? म्हटलं, बाबा रे, काटा जागेवरून हलला की नव्या जागी आधी शून्य करायचा. हे तर शिकाऊ पोरालाही कळतं. नाहीतर दिसेल ते सगळं चूक."

"तीन महिने झाले म्हणता त्याला?"

"तीन!"

वहिनींनी बॅगेची चेन ओढली. "आपल्याला पाच झाले," त्या म्हणाल्या.

मग काटेकोर उठले. हीटरवरचा चहाचा डबा उतरवला. दाढीचं सामान उतरवलं, बादल्या उतरवल्या, मोजे काढून खुर्चीवर टाकले. हीटरची चावी पाच महिन्यांत हललीच नव्हती. ती हटून बसली. त्यांनी हत्यारांच्या पिशवीतून पक्कड काढली आणि दातओठ खाऊन फिरवली. पाइपातून आधी गुरगुर, मग ठणठण, असा काही आवाज निघाला की बसड्रायव्हर चपला न घालता खाली धावत आले.

"काय फुटलं, भाऊ?"

"काही नाही. हीटर लावलाय."

ड्रायव्हर ट्रंकेवर बसले. "वहिनी, भाऊंच्या कपाळाला हात लावून बघा. ताप असेल."

जळक्या धुळीचा वास आला, मग हळूहळू ऊब आली. वहिनींनी हात लोखंडाजवळ धरले. बॅग मात्र दाराशीच होती. ड्रायव्हर वर गेल्यावर त्या म्हणाल्या, "आज लावलात. उद्या मी गेले की परत त्यावर बादल्या." काटेकोरांनी बादल्या उचलल्या, जिन्याने वर नेल्या आणि ड्रायव्हरना देऊन टाकल्या. दोन्ही. फुकट.

रविवार उजाडला. खोली सकाळपासून गरम होती. काटेकोरांचे ओठ मधूनमधून हलत. चौसष्ट सक पर्यंत जात आणि तिथे मिटत. ताईचा फोन आला. "पगार वाढला का रे?" काटेकोर म्हणाले, "ताई, पगार एकवीसशे आहे. भाडं आठशे, हीटर एकशे ऐंशी. खाणंपिणं वेगळं. बाकीचं तू वजा कर." ताईने हवापाण्याची चौकशी केली.

अकरा वाजता निघायला हवं होतं. वहिनींनी शाल बाजूला ठेवली होती, स्वेटरही एकच अंगात होता. बोटं अजून लाल होती, पण त्या सुईत दोरा ओवत होत्या. दोन वेळा चुकला. तिसऱ्यांदा गेला. त्यांनी खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि लाँड्रीवाल्या बाईची विजार मांडीवर घेतली. अकरा वाजले, बारा वाजले. बॅग दाराशीच होती, पण तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

तीनला पाच मिनिटं असताना काटेकोर कागद घेऊन हीटरजवळ बसले. तीन वीस झाले. कुठूनसा विमानाचा आवाज आला. त्यांचं असेल, नसेल. काटेकोरांनी कागद उलटा केला. मागची बाजू कोरी आहे हे पाहून तो फाडला नाही. नीट घडी करून पितळी वजनाखाली परत ठेवला, वाणसामानाच्या यादीसाठी.

दात लावून दोरा तोडत वहिनींनी विचारलं, "वाईट वाटतंय का हो फार?"

"छे गं," काटेकोर म्हणाले. "वाईट कसलं? फक्त... खिडकीची जागा होती."