लाभ, दोन, तीन

मी पूर्वी शिकवायचो त्या शाळेत परवा माझा सत्कार झाला. गुरुजींनी मुळशीच्या डोंगरात चिंचोके मांडून साऱ्या गावाला बेरीज-वजाबाकी शिकवली, असं एकजण माइकवर म्हणाला. अंगावर शाल होती म्हणून गप्प बसलो. आता लिहून टाकतो.

तेव्हा मला जेमतेम मिसरूड फुटलं होतं, पण ऐट मुख्याध्यापकाची. शाळेत शिक्षक मी एकटाच, म्हणून मुख्याध्यापकही मीच. चिंचोके आणले ते खडू संपले होते म्हणून. मुलं रोज ते मांडून मोजायची आणि जाताना थोडे खिशात घालून घरी भाजून खायची. तेवढी वजाबाकी न शिकवता व्हायची.

पहिलीतली एक मुलगी मात्र मोजताना 'लाभ, दोन, तीन' म्हणे.

"एक कुठं गेला?" मी विचारलं.

"लाभ म्हनत्यात, गुर्जी."

"कोण म्हणतं?"

"समदीच."

मी पुण्यातल्या पेठेतला. समदीच अडाणी, असा अर्थ मी काढला. सातातून सहा काढायला सांगितले, तर उरलेल्या चिंचोक्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "लाभ." मी तिला कोपऱ्यात उभं केलं. रोज तेच. शेवटी तिच्या बापाला बोलावून सांगितलं, हिला एकसुद्धा येत नाही.

"डोस्कं न्हाई म्हना की," तो म्हणाला. "मग शेरडं राखंल."

मी मान डोलावली. अचूक निदान केल्याचं समाधानही वाटलं.

भाताची झोडणी झाल्यावर गुरुजींचा वाटा न्यायला मी त्याच्या खळ्यावर गेलो. बाप पायलीनं रास मोजत होता. मुलगी पोत्याचं तोंड धरून मोठ्यानं म्हणत होती, "लाभ, दोन, तीन..."

"एक का म्हणत नाही?" मी बापाला विचारलं.

"राशीला एक म्हनत न्हाईत. पयलं माप लाभाचं, बरकत ऱ्हाती. पुन्याला न्हाई व्हय म्हनत?"

मुलगी माझ्याकडं बघत होती. चूक माझी, उद्यापासून हिला पाठवा, एवढंच बोलायचं होतं. पण खळ्यावर चार माणसं होती, ती हसली असती. मी मास्तरकीच्या सुरात तिला विचारलं, "शेरडं बरी आहेत ना?"

"बरी हायेत," ती म्हणाली.

मी भात घेऊन निघालो. ती परत शाळेत आली नाही, मी बोलावलंही नाही. मी त्या गावात होतो तोवर ती रोज सकाळी शाळेवरून शेरडं घेऊन जायची, आणि मी फळ्याकडं तोंड करून उभा राहायचो.