सरांचं राहिलेलं नाव

नारायण पेठेतली उल्का म्हणजे ताकही फुंकून पिणारी. कुलूप लावलं की ओढून बघायची, जिना उतरून पुन्हा एकदा वर जाऊन ओढायची. अशा बाईला हडपसरच्या कंपनीत नेमकं स्वभावाला साजेसं काम मिळालं. कंपनी इस्पितळांसाठी रुग्णांचे रिपोर्ट सांभाळायची, आणि तिचा सगळा कारभार क्लाउडवर, म्हणजे दूर कुठेतरी भाड्याने घेतलेल्या कॉम्प्युटरांवर चाले. तिथे कोणी शिरायचं आणि कोणी कशाला हात लावायचा, हे उल्का ठरवी. लोक तिला मागून सासूबाई म्हणत. म्हणोत बापडे.

अपवाद एकच. दिग्विजय सरांनी तिला हे काम हाताला धरून शिकवलं, आणि दीड वर्षापूर्वी ते स्पर्धक कंपनीत गेले. त्यांचा प्रवेश बंद करायला तिचा हात धजेना. गुरूला दाराबाहेर कसं काढायचं? करू उद्या, म्हणता म्हणता ते राहूनच गेलं.

त्या दुपारी नियम आणखी कडक करताना तिच्या हातून घोटाळा झाला. ज्या गटाच्या हाती सगळ्या परवानग्या होत्या, त्या गटाचेच अधिकार उडाले. त्यात ती स्वतःही होती. मुख्य किल्ली मालकाकडे, मालक अमेरिकेत, तिथे मध्यरात्र. फोन कोण उचलतो? इकडे इस्पितळांतून विचारणा सुरू झाली. रुग्णांचे रिपोर्ट दिसत नव्हते, एक ऑपरेशन खोळंबलं होतं. उल्काची पाचावर धारण बसली.

सरांना मात्र गटाबाहेरची, स्वतंत्र परवानगी होती. तिने त्यांनाच फोन लावला आणि सगळं सांगितलं.

ते आत शिरले. फोनवर त्यांच्या कीबोर्डची टकटक ऐकू येत होती. या घटकेला कंपनीची सगळी दारं फक्त त्यांना उघडी होती, आणि ते काय बघताहेत हे तिला दिसत नव्हतं. गटाला अधिकार परत द्यायचे, काम दोन मिनिटांचं, पण टकटक थांबेना. ज्याच्या पाया पडावं त्याच माणसाची तिला भीती वाटू लागली, आणि त्या भीतीची लाजही वाटली.

"झालं. बघ आता," सर म्हणाले.

रिपोर्ट दिसू लागले होते. उल्काने आभार मानायच्या आधी परवानगीच्या यादीतून सरांचं नाव काढून टाकलं.

"काढलंस?"

"हो, सर."

"बरं केलंस. दीड वर्ष वाट बघत होतो, कधी काढतेस याची."

फोन बंद झाला. मग उल्काच्या ध्यानात आलं. दार उघडं आहे हे कळायला ते कधीतरी ढकलून बघावं लागतं. सरांनी किती वेळा ढकललं असेल, हे विचारायला तिची जीभ रेटली नव्हती.