एकदाच वाचता येणारी फाईल

लातूरच्या आमच्या भाड्याच्या घरात, दारालगतच्या टेबलावर बायकोचं काम चाले. नेटवर्कच्या काही कार्डांवर एक अतिशय नेमकं घड्याळ बसवलेलं असतं. वीज उपकेंद्रांतली दूरदूरची यंत्रं एकाच वेळेवर चालवायला ते लागतं. नांदेडच्या एका लहान कंपनीसाठी ती अशी कार्डं तपासायची आणि मी त्यांच्या माहितीपुस्तिका लिहायचो. यंत्रातलं मला फारसं कळत नसे. आवडायचं ते एवढंच, की संगणक त्या घड्याळाला एखाद्या फोल्डरसारखं समोर ठेवतो. आत लहान लहान फाईली. एकीत ठरावीक आकडे लिहिले की कार्डावरचा हिरवा दिवा सेकंदागणिक लुकलुकतो, शून्य लिहिलं की थांबतो. दुसरी फाईल वाचली की बाहेरून आलेला इशारा घड्याळाने नेमका कधी टिपला ते कळतं.

तो इशारा द्यायला तिने बाजारातून बेलचं साधं बटण आणून कार्डाला जोडलं होतं आणि टेबलाच्या कडेला, दाराच्या चौकटीजवळ चिकटवलं होतं. "दाबू?" असं विचारायची आणि मी मान वर करायच्या आत दाबून मोकळी व्हायची.

तापाचं निमित्त होऊन ती गेली. संगणक इन्व्हर्टरवर चालूच राहिला. तो बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

काही दिवसांनी कंपनीच्या साहेबांचा फोन आला. "घाई नाही, पण कार्ड परत लागेल. पुस्तिकेचं शेवटचं प्रकरण तेवढं झालं तर बघा." त्या प्रकरणात इशारे टिपणाऱ्या फाईलचं उदाहरण द्यायचं राहिलं होतं.

म्हणून एका दुपारी मी ती फाईल वाचली. तीन आकडे आले: इशारा कोणत्या तारेवरून आला, कितव्या सेकंदाला आला, आणि सेकंदाचा उरलेला अंश. खात्रीसाठी पुन्हा वाचली तर आकडे वेगळे. या फाईलमध्ये नोंदी रांगेत उभ्या असतात आणि वाचलेली नोंद निघून जाते, हे तिनेच मला सांगितलं होतं आणि मीच ते पुस्तिकेत लिहिलं होतं. सेकंदांवरून तारीख काढली. ती आजारी पडली त्याच्या आदल्या दिवशीची दुपार. ते तिचं बोट होतं.

आकडे कागदावर उतरवता आले असते. पण पुस्तक संपत आलं की मी पानं पुरवून वाचणारा माणूस. इथे तर किती उरलंय तेही दिसत नव्हतं. मी पुढे हात लावला नाही. साहेबांना दोनदा "होतंय" म्हणालो.

बिलोलीहून माझी मोठी बहीण, अक्का, सोबतीला येऊन राहिली होती. एकदा चहा घेऊन टेबलाशी आली.

"कवापासून काय बघून राहिलास रे त्यात?"

मी सगळं सांगितलं.

"मंग वाच की. न वाचता ठिवायला ते काय लोणचं हाय?" मग म्हणाली, "त्यात माझं बी आसंल."

"तुझं काय?"

"आल्या दिवशी म्या बी दाबलं की ते बटन. दार उघडं, पन आत कुनी दिसंना. बेल वाटली. वाजंना म्हून लई दाबलं. अन् मी एकलीच न्हाई. शेजारचे मामा तर म्हनले, बेल बिघडली वाटतं, अन् दाबतच राहिले."

मला हसू आलं आणि ते आवरेना. अक्कानेही पदर तोंडाला लावला.

दुखवट्याच्या घरून निघताना कुणी "येतो" म्हणत नाही. त्या दिवसांत माणसं आली, गप्प बसली, तशीच उठून गेली. कोण आलं ते मला आठवत नव्हतं. त्यांचं येणं मात्र तिच्या मागे रांगेत उभं होतं.

कार्ड न्यायला माणूस येणार, असं शेवटी साहेबांनी कळवलं. वीज काढली की रांग पुसली जाणार होती, कुणी न वाचताच. मी अक्काला शेजारी बसवलं आणि वाचायला लागलो.

तिच्या नोंदी सारख्या अंतराच्या होत्या, एकीमागून एक. मी सावकाश जात होतो. मग सेकंदांच्या आकड्याने एकदम मोठी उडी घेतली आणि पुढच्या नोंदी धसमुसळ्या, एकमेकींवर आदळल्यासारख्या येऊ लागल्या. म्हणजे उडीच्या आधीची नोंद तिची शेवटची होती. वाचताना मला ते कळलं नव्हतं.

"ही माझी का?" अक्काने पडद्याजवळ बोट नेलं.

"हो."

"अन् वरची?"

"तिची."

"लगतच हाय की," ती म्हणाली, आणि बराच वेळ तिने बोट काढलं नाही.

पुढच्याही सगळ्या वाचल्या. शेवटी फाईलने काहीच दिलं नाही. अजून एकदा वाचली, तरी नाही. मग मी प्रकरण उघडलं, राहिलेलं उदाहरण घातलं आणि त्याखाली शेवटचं वाक्य लिहिलं: नोंदी संपल्यावर ही फाईल रिकामी येते, हा बिघाड नाही.