नाव घ्या, बाई!

आमच्या थोरल्या साडूंइतका संतापी माणूस सोलापूर जिल्ह्यात दुसरा झाला नाही. लोक इथल्या उन्हाला उगीच नावं ठेवतात. ते ऊन निदान संध्याकाळी उतरतं तरी. साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, एका ट्रस्टच्या दवाखान्याचे मुख्य डॉक्टर होते आणि राग त्यांच्या नाकावर नुसता बसलेला नसे, बिऱ्हाड करून राहिलेला असे. रेडिओवर बातम्या सांगणाऱ्यावर ते चिडत, कारण तो मधे बोलू देत नाही. माझ्या लग्नात ते बँडवाल्यांवर कडाडले, तेव्हा सगळ्यांना वाटलं सूर चुकला. "सूर गेला चुलीत, याचा खोकला ऐकला का कुणी?" असं म्हणत त्यांनी क्लॅरनेटवाल्याला मांडवाच्या खांबाशी उभं केलं आणि त्याच्या छातीला कान लावला. आमची वरात क्लॅरनेटशिवाय निघाली. पोटात अल्सर झालेल्या रोग्याला घरच्यांनी चोरून आणलेली शेंगाचटणी त्यांनी एकदा जप्त केली आणि व्हरांड्यात उभं राहून रागारागानं स्वतःच संपवली. पोरांच्या वॉर्डात मात्र ते कुजबुजत रागवायचे. पोरांना वाटायचं गोष्ट चाललीय, आणि ती "अजून रागवा की" म्हणून हट्ट धरायची.

त्यांचा सगळ्यात जुना राग होता तो केसपेपरांच्या गठ्ठ्यांवर. माडीवरच्या खोलीत ते गठ्ठे वाळवीच्या ताब्यात असत आणि हवा तो कागद कधीच सापडत नसे. बार्शीहून आलेल्या रोग्याला त्यांनी विचारावं, मागल्या खेपेला कुठलं इंजेक्शन दिलं होतं? आणि त्यानं भक्तिभावानं सांगावं, "पांढरं व्हतं की, डाक्टरसाहेब." मग साडूंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. त्यामुळे ट्रस्टच्या अध्यक्षांच्या मिलमध्ये पगारासाठी कॉम्प्युटरची सोय झाली, तेव्हा साडू हात धुऊन अध्यक्षांच्या मागे लागले. मी त्याच मिलच्या ऑफिसात कार्डांना भोकं पाडायच्या मशीनवर होतो. चादरीच्या नक्षीसाठी भोकांचे पुठ्ठे वापरणाऱ्या सोलापूरकरांना त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. कार्डं पुण्याला जात आणि तिथून रुंद कागदावर छापलेली यादी येई. पगाराच्या कार्डांबरोबर आता रोग्यांचीही कार्डं जाऊ लागली.

कॉम्प्युटर आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता. पुण्याला गार खोलीत राहणाऱ्या जावयासारखं त्याचं सगळं सांभाळावं लागे. रिकामी जागा त्याला चालत नसे. रोग्याचं नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, गाव, सगळं भरलंच पाहिजे. ज्याला एखादं औषध सोसत नाही, त्याच्या नावापुढे यादीत फुली छापून येई. त्या फुलीत साडूंचा जीव होता. 'यादी पाहिल्याशिवाय सुई नाही' असा हुकूम त्यांनी भिंतीवर रंगवून घेतला होता.

आणि यादी पाहूनच सुई दिली गेली. वळसंगची गंगूबाई, पायात काटा मोडून पिकलेला. सोबत आलेल्या शेजारणीनं खिडकीवर तिचं नाव सांगितलं, गंगूबाई महादेव. कारकुनानं यादी पाहिली. वळसंगची गंगूबाई होती, पुढे फुलीही होती, पण ती गंगूबाई शंकर. म्हणजे दुसरी कुणीतरी, असं म्हणून त्यानं नवा केसपेपर काढला. नर्सनं पेनिसिलिन दिलं आणि गंगूबाई व्हरांड्यातच कोसळली.

साडू एका पायात चप्पल घालून धावले. अर्धा दिवस ते तिच्या खाटेपासून हलले नाहीत. एका हातात तिचं मनगट, आणि तोंडाचा पट्टा चालू. "खबरदार गेलीस तर! माझ्या दवाखान्यात हे चालायचं नाही, सांगून ठेवतो!" दुपार कलली तेव्हा नाडी हाताला लागली, आणि साडूंनी सलाईनच्या बाटलीलाही दोन शब्द सुनावले.

मग माझी पाळी आली. "तुमच्या मशीननं फुली खाल्ली!" मीही कमी चिडका नाही. मी मिलमधून कार्ड आणून त्यांच्यापुढे आपटलं. आमचं कार्ड बरोबर होतं, जुन्या केसपेपरवर होतं तेच, गंगूबाई शंकर आणि फुली. शेवटी गंगूबाईलाच विचारलं. ती पदराआडून म्हणाली, "मागं आली तवा त्यो खिडकीतला मालकांचं नाव इचारत व्हता. आमी कसं घ्यावं ओ? लईच मागं लागला, मग म्या म्हनलं, सोमवारचा द्येव हाय की, त्येचंच."

नवऱ्याचं नाव बायको घेत नाही, हे सोलापुरात शेंबड्या पोराला ठाऊक. कारकुनानं सोमवारचा देव ऐकला आणि शंकर लिहून मोकळा झाला. आम्ही यादी उलगडून बसलो. वळसंगपासून करकंबपर्यंत नुसते शंकर, मारुती आणि विठ्ठल. जिल्ह्यातले निम्मे नवरे त्यानं देवळातून उचलून आणले होते!

अध्यक्ष आले, चहा घेतला आणि म्हणाले, "अडाणी बायका. त्याला कॉम्प्युटर काय करणार?" मला आजही ते वाक्य आठवलं की संताप येतो. बाई मरता मरता वाचलेली, आणि हा गृहस्थ बशीत चहा ओतून तिलाच दोष देतोय. साडू उठून उभे राहिले. "अडाणी आपण!" दवाखाना हादरला. "जे नाव ती देवापुढेसुद्धा घेत नाही, ते खिडकीत उभं राहून सांग म्हणून दरडावणारे आपण अडाणी! आणि त्यातला पहिला मी!" अध्यक्षांनी उरलेला चहा तसाच ठेवला.

संध्याकाळी साडू पुन्हा तिच्या खाटेशी गेले. कागदावर तिच्याच तोंडचं नाव हवं, दुसऱ्या कुणाचं नको, असा त्यांनी हट्टच धरला. शेतातून निरोप मिळून आलेला महादेव उशाशी अवघडून उभा होता. "अगं, घी की नाव," तो म्हणाला, "डाक्टर वरडत्यात." सगळ्या वॉर्डाचे कान टवकारले. गंगूबाईनं पदर नीट केला, क्षीण आवाजात पण सुरात म्हणाली:

"सुईनं गेला जीव, बाटलीनं केला बरा,
महादेवरावांचं नाव घेते, आता जाऊ द्या घरा."

वॉर्डभर हशा पिकला. साडू तडक बाहेर गेले आणि व्हरांड्याच्या कठड्याला धरून पाठमोरे उभे राहिले. कुणी जवळ गेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून केसपेपरच्या खिडकीत सकाळचा तासभर ते स्वतः बसू लागले. रांगेतल्या बाया लाजायच्या आणि आतून मेघगर्जना व्हायची, "नाव घ्या, बाई! उखाण्यात घ्या, पण घ्या! लाजायला वेळ नाही, मागे रांग आहे!" उखाणा जमला नाही तर ते स्वतः यमक जुळवून देत, आणि ते इतकं भिकार असे की बाई हसता हसता नाव सांगून जाई. पुण्याची यादी हळूहळू माणसांनी भरली.

पुढे काही वर्षांनी साडूंच्या छातीत कळ आली आणि त्यांना त्याच दवाखान्यात आणलं. त्यातून ते उठले नाहीत. स्ट्रेचर व्हरांड्यात होतं आणि मी शेजारी उभा होतो. अक्का, माझी मेहुणी, खिडकीशी गेली. लग्नापासून तिनं त्यांना 'अहो' शिवाय हाक मारली नव्हती. कारकुनाचे डोळे भरून आले होते. "राहू द्या वहिनी, साहेबांचं नाव मला ठाऊक आहे."

"ठाऊक असून भागत नाही," अक्का कडाडली. हा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मग तिनं नाव सांगितलं, सासऱ्यांचं सांगितलं, आडनाव सांगितलं. उखाणा नाही, राव नाही, पदर नाही. अक्षर न् अक्षर व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू गेलं.

साडूंनी माझा हात ओढला.

"तिला पुन्हा सांगायला सांगा," ते म्हणाले. "मला नीट ऐकू आलं नाही."

मी अक्काला बोलावलं. ती आली, त्यांच्या कानाशी वाकली आणि तिनं पुन्हा एकदा नाव घेतलं.