रागावून बांधलेला अ‍ॅम्प्लिफायर

माझ्या आत्याने उभ्या आयुष्यात एकही गोष्ट शांत डोक्याने केली नाही. आणि आमच्या घरातल्या शांत डोक्याच्या सगळ्या माणसांनी मिळून जेवढं केलं, त्याहून तिने एकटीने जास्त केलं. ती सोलापुरातल्या एका मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवायची. लग्न केलेलं नव्हतं. आमच्याच घरात पुढच्या खोलीत राहायची. शाळेची नोकरी साडेपाच तासांची असेल, रागावण्याची मात्र चोवीस तासांची. गिरणीचा भोंगा दोन मिनिटं उशिरा झाला, तर मनगटावरचं घड्याळ घेऊन ती थेट फाटकावरच्या माणसाला जाब विचारायला जायची. रेडिओवर बातम्या देणाऱ्याने एखादा शब्द चुकीचा उच्चारला, की ती त्याला उत्तर द्यायची, आणि पुढच्या वाक्यात त्याने सुधारणा केली नाही म्हणून रेडिओ बंद करायची. तरुणपणी तिला बघायला करमाळ्याहून एक स्थळ आलं होतं. मुलाने विचारलं, "पुरणपोळी येते का?" आत्याने विचारलं, "बल्बमधली तार तापून पांढरी होते, तरी जळून का जात नाही, सांगता येईल?" मुलगा वडिलांकडे बघायला लागला. पुढे कितीतरी वर्षं ती तो प्रसंग सांगताना लाल व्हायची. "बल्बमध्ये हवा नसते एवढं माहीत नाही, आणि माझ्या पुरणाची चौकशी करतो!"

माझे वडील, म्हणजे तिचे थोरले भाऊ, अगदी उलट. भाजीवाल्याने किडकी वांगी दिली तर ते म्हणत, "त्यालाही खपवायची असतात." मी त्यांच्यावर गेलो, याचं आत्याला मनापासून दुःख होतं. "न रागावणारा माणूस म्हणजे फ्यूज नसलेलं घर," ती म्हणायची. "वरून सगळं ठीक दिसतं. एक दिवस सगळंच जळतं."

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. दिवसा एका कचेरीत कारकुनी करायचो आणि संध्याकाळी एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. गिटार विजेची होती, पण ती ऐकू येण्यासाठी लागणारा अ‍ॅम्प्लिफायर माझ्याकडे नव्हता. ऑर्केस्ट्राच्या मालकाच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये गायकांचे माइक जोडलेले असत, त्यातच एका कोपऱ्यात माझी वायर खुपसलेली असे. मालक जाडजूड, मोठ्या आवाजाचा माणूस. गणपतीतल्या एका कार्यक्रमात ऐन गाण्यात अ‍ॅम्प्लिफायरचं गायिकेचा माइक जोडायचं भोक बिघडलं. मालक ताडताड स्टेजवर आला, माझी वायर उपटली आणि त्या जागी माइक लावला. मी तसाच वाजवत राहिलो. बोटं चालली होती, आवाज शून्य.

तिसऱ्या रांगेत आत्या उभी राहिली. "अहो, तो वाजवतोय की!"

"बाई, बसा खाली," मालक माइकच्या तोंडाशीच म्हणाला. "गिटार हाय काय न न्हाय काय, ऐकतंय कोण?"

सगळं सभागृह हसलं. आणि मीही हसलो.

घरी जाताना आत्या टांग्यात बसली नाही. माझ्या वीस पावलं पुढे, पदर खोचून, चपला आपटत चालत राहिली. दाराशी पोचल्यावर वळली. "त्याने वायर काढली, ते त्याच्या लायकीप्रमाणे झालं. तू का हसलास?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप खाली आपटून तिने जाहीर केलं, की ती माझ्यासाठी अ‍ॅम्प्लिफायर बांधणार आहे.

"तुला येतो बांधायला?" वडिलांनी विचारलं.

"नाही. वीस वर्षं फळ्यावर नुसत्या आकृत्या काढल्या. आता बघू, फळ्यावरचं खरं होतं का खोटं."

शाळेच्या जुन्या पुस्तकातून तिने आकृती उतरवून घेतली आणि विजापूर वेशीतल्या एका म्हाताऱ्या रेडिओवाल्याच्या दुकानात मला घेऊन गेली. त्यांना सगळे चाचा म्हणत. चाचांनी आकृती उलटसुलट करून पाहिली. "बाईसाब, वॉल्व्ह का जमाना गया. ट्रान्झिस्टर लेव. छोटा, ठंडा."

"ठंडा मला नको," आत्या म्हणाली. "काचेतून पेटलेलं दिसलं पाहिजे. चालतंय का मेलंय ते मला डोळ्यांनी कळलं पाहिजे."

चाचांनी खणातून वर्तमानपत्रात गुंडाळलेले चार वॉल्व्ह, म्हणजे बल्बसारख्या काचेच्या नळ्या, काढले. देताना ते एवढंच म्हणाले, "अंदर तीनसौ वोल्ट रहता. गुस्से से हात नक्को डालो." ही गोष्ट आत्याला सांगणं म्हणजे माशाला पोहू नको म्हणण्यासारखं होतं. पण तिने ती ऐकली. कामाला बसताना ती लाकडी पाटावर बसायची, पायात रबरी चपला, आणि डावा हात कंबरेमागे पदरात बांधून ठेवलेला. दोन्ही हात आत गेले तर करंट छातीतून जातो, म्हणून एकच हात वापरायचा, हा नियम तिने मला दिवसातून दहा वेळा ऐकवला. दुसरा नियम असा, की बटण बंद केलं तरी आतले कॅपॅसिटर वीज धरून बसतात. "बंद झालं म्हणजे मेलं असं समजू नको," ती म्हणायची. "माझ्यासारखंच असतं ते. गप्प बसलं तरी आत राग असतोच."

ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेण्यासाठी आम्ही पूर्व भागात गेलो. तिथे एक तेलुगू बोलणारा कारागीर यंत्रमागांच्या जळलेल्या मोटारी पुन्हा गुंडाळून द्यायचा. आत्या त्याच्यासमोर स्टुलावर बसून तारेचा एकेक वेढा मोठ्याने मोजू लागली. आठशेच्या पुढे गेल्यावर त्याने रस्त्यावरच्या कुणाला तरी हाक मारली आणि आत्याचा आकडा चुकला. तिने सगळी तार उलगडायला लावली. दुसऱ्या खेपेला तिलाच शिंक आली. तरी दोष त्याचाच. "अक्का, मोटारीला एवढं कोन मोजतंय?" तो काकुळतीला आला. तिसऱ्या खेपेला तो तेलुगूत मोजत होता आणि ती मराठीत, आणि दोघं एकदम एकाच आकड्यावर थांबली. त्याने सुटकेचा श्वास सोडून मलाच चहा पाजला.

वॉल्व्ह बसवायला पत्र्याची बैठक हवी होती. आत्याने आईचा पाहुण्यांना चहा द्यायचा अ‍ॅल्युमिनियमचा ट्रे पालथा घातला आणि त्याला चार मोठी भोकं पाडली.

"आता पाहुण्यांना चहा कशातून देऊ?" आई रडकुंडीला आली.

"देऊच नको. लवकर जातील."

स्पीकरच्या तोंडावर आपल्याकडची चादर लावू या, असं मी सुचवलं, तेव्हा तिने माझ्याकडे त्या करमाळ्याच्या मुलाकडे पाहिलं असेल तसं पाहिलं. "चादर थंडी अडवते. तशीच आवाजही अडवेल. तुला ऐकू यायचंय, का झोपायचंय?" मग तिने स्वतःचं एक विरलेलं सुती पातळ फाडलं.

तीन आठवडे असे गेले. ट्रे आणि स्पीकर एका लाकडी पेटीत बसले. चालू करून बघायला तिने मागांच्या सुट्टीचा दिवस धरला, कारण इतर दिवशी माग सुरू झाले की आमच्या भागातले दिवे मलूल व्हायचे. दुपारी सगळं घर पुढच्या खोलीत जमलं. आत्याने बटण दाबलं. वॉल्व्ह हळूहळू तांबूस झाले, आईने नकळत हात जोडले, आणि त्या पेटीतून असा काही आक्रोश सुरू झाला, की शेजारचा कुत्रा भुंकत गल्लीच्या टोकापर्यंत पळाला. आत्याने वायर उपटली. "दोन तारा उलट्या लागल्यात," ती दातओठ खात म्हणाली आणि आकृती आणायला कपाटाकडे वळली.

मला वाटलं, ती येईपर्यंत आपणच बदलून टाकू. डावा हात मी मागे ठेवला होता, हे नशीब. दुसरा नियम मात्र विसरलो. पुढचं एवढंच आठवतं, की मी भिंतीला टेकून बसलो होतो, उजवा हात खांद्यापर्यंत बधिर, बोटाच्या टोकाला पांढरा डाग, आणि आई ओरडत होती.

आत्या ओरडली नाही. तिने माझी नाडी पाहिली, पाणी आणलं. निम्मं पाणी माझ्या सदऱ्यावर सांडलं. मग तिने पेटीवर एक जुनी चादर टाकली आणि म्हणाली, "झालं तेवढं पुरे."

त्यानंतरचे आठ दिवस आमच्या घरातले सगळ्यात भीतिदायक दिवस होते. आत्या रागावेना. भोंगा उशिरा झाला, तिने मान वर केली नाही. आईने मुद्दाम अळणी आमटी वाढली. आत्याने ती खाल्ली आणि ताट धुऊन ठेवलं. आई स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसू लागली. नवव्या दिवशी मी कचेरीतून आलो, तर आत्या चारही वॉल्व्ह चाचांना परत द्यायला वर्तमानपत्रात गुंडाळत होती.

मला काय झालं, कोण जाणे. मी दप्तर फेकलं. "कुणाला विचारून परत देतेस?" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "करंट मला बसला! चूक माझी होती! आणि भिऊन तू बसलीस? त्या मालकाने वायर काढली ती परवडली, निदान गाण्यात काढली! तू तर सूरच निघू देत नाहीस! एवढं आयुष्यभर सगळ्यांना फाडून खाल्लंस, आणि दोन तारांना घाबरलीस?" मी हातातला जेवणाचा रिकामा डबा जमिनीवर आपटला. वडिलांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली पडलं.

आत्याने हातातली पुडी खाली ठेवली.

"आवाज खाली कर," ती म्हणाली. मग जरा थांबून, "नको. राहू दे. तेवढाच ठेव."

तिने पुड्या सोडल्या, वॉल्व्ह जागच्या जागी बसवले, आणि पदराने डावा हात मागे बांधला. "स्क्रूड्रायव्हर दे. आणि आधी कॅपॅसिटरला बल्ब लावून आतली वीज काढून टाकायची असते, गाढवा!" ती 'गाढवा' म्हणाली आणि आई स्वयंपाकघरातून हसत बाहेर आली.

तारा बदलायला पाच मिनिटंही लागली नाहीत. यावेळी वॉल्व्ह पेटले, बारीक गुणगुण ऐकू आली, आणि मी जाडी तार छेडली. तो आवाज पायांखालच्या फरशीतून आला. गोल, उबदार, किंचित खरखरीत, कुणीतरी घसा साफ करून पहिल्यांदाच मनातलं बोलावं तसा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता निदान सुरात तरी लाव की!" आत्या खेकसली.

नवरात्रातल्या कार्यक्रमाला मी ती पेटी स्टेजवर माझ्या पायाशी ठेवली. पहिलंच गाणं चालू असताना मालकाला माइकसाठी आणखी एक भोक हवं झालं आणि सवयीने त्याचा हात माझ्या पेटीतल्या वायरीकडे आला. मी वाजवणं थांबवलं नाही. एवढंच म्हणालो, "हात लावायचा नाही." त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं, हात मागे घेतला आणि निघून गेला. मी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. आत्याचं लक्षच नव्हतं. माझी गिटार चालू असताना गप्पा मारल्या म्हणून ती शेजारच्या बाईशी कडाकडा भांडत होती.

ही सगळी खूप जुनी गोष्ट. शेवटची काही वर्षं आत्या थकली होती. एकदा तिला डोळे दाखवायला दवाखान्यात नेलं होतं. दहाची वेळ दिलेली, बारा वाजून गेले, आमच्या मागून आलेली माणसं आत जाऊन बाहेर आली. मी तिच्याकडे बघत होतो. मला खात्री होती, की आता ती उठणार, त्या खिडकीतल्या मुलीसमोर जाऊन उभी राहणार. ती मांडीवर हात ठेवून बसली होती. पंख्याच्या वाऱ्याने तिचे पांढरे केस उडत होते.

"कंटाळलास का रे?" तिने मऊ आवाजात विचारलं. "येईल आपला नंबर."

मी नाही म्हणालो, आणि तिचा हात हातात घेऊन बसून राहिलो.