अक्खा हिरा

“मॅडम, हीरा बिलकुल असली है.”

“असली असंल, पण चमकून काऊन नाही राहिला?” मी फोनवर ओरडले.

“मॅडम, वो अनकट है ना...”

“मग! अनकटच मागतला होता मी. अक्खा! तुम्ही मले खडीसाखर कायले पाठवली?”

सून शालू अंगणात अंगठी उन्हात धरून उभी होती. “आई, खडीसाखर नाही, तुरटी दिसून राहिली,” ती म्हणाली. माझ्याच बाजूनं बोलत होती बिचारी, पण मला तिचाही राग आला. रविवारी नातीचं साक्षगंध, तुमच्याकडचा साखरपुडा, आज मंगळवार, अन् अंगठीत तुरटी!

तुम्ही म्हणाल, एवढी शहाणी बाई, फसली कशी? फसले नाही हो! फसवायला समोर कोणीतरी लागतं. इथं मी एकटीच होते.

गोंदियाजवळ मुर्रीत आमचं घर, धानाची शेती. शाळेत मी चौथीपर्यंत गेले, पुढचं सगळं स्वतःचं स्वतः शिकले. इंग्रजी अक्षरं तांदळाच्या पोत्यांवरून लावली, मोबाइल सदुसष्टाव्या वर्षी. मूठभर तांदूळ तळहातावर घेतला की त्यात कणी किती, ते मी न मोजता सांगते. मला येताना पाहिलं की गोंदियातले व्यापारी पोतं स्वतःहून खालून उसवून दाखवतात!

नात किरणला हिऱ्याची अंगठी हवी होती. लहानशी का असेना, पण लखलखीत. सराफाकडे गेलो, तर त्यानं डोक्यावर पाच दिवे लावून हिरा दाखवला. अशा उजेडात तर आमच्या घरचा काचेचा गिलासही चमकेल. मी म्हटलं, “उन्हात चाल.” तो म्हणाला, “माताजी, बाहर नहीं ले जा सकते.” झालं! भरल्या दुकानात मी जाहीर केलं, “अंगठी मी आणतो. फोनवरून आणतो. अन् तुह्यापेक्षा सरस आणतो!”

पंधरा दिवस अभ्यास केला. तुम्हीही ऐकून ठेवा, फुकटात सांगते. प्रमाणपत्राशिवाय हिरा घ्यायचा नाही. त्यावरचा नंबर प्रयोगशाळेच्या साइटवर आपण स्वतः ताडून पाहायचा. परतीची अट शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची, चष्मा पुसून वाचायची. अन् पार्सल फोडताना शूटिंग करायचं. हे सगळं मी केलं! रंग समजला, कॅरेट समजलं, आतला डाग समजला.

राहिला कट.

आता सांगा, आपल्याकडे कट म्हणजे काय? कापडाच्या दुकानात कटपीस म्हणजे उरलासुरला तुकडा. तांदळात तुटका दाणा म्हणजे कणी. अक्षतेत एक तुटका दाणा दिसला तर आमच्याकडच्या बाया ताट परत पाठवतात! अन् इथं ज्याच्या-त्याच्या खाली लिहिलेलं, कट एक्सलंट, कट एक्सलंट. तोडला तो तोडला, वरून एक्सलंट म्हणून मिरवता? हिऱ्याच्या तुकड्याला हिरकणी म्हणतात ना, तेव्हाच मला संशय आला होता. गोड नाव लावून कणी खपवून राहिले!

शोधता शोधता एका कोपऱ्यात सापडलं, ‘अनकट’. मी खुर्चीतून उठलेच. एवढ्या मोठ्या बाजारात अक्खा माल कुठं ठेवला होता, तर तळाशी!

शालू म्हणाली, “आई, किरणले विचारा ना एकदा.”

“तिनं कधी तांदूळ निवडला काय? तिले काय समजते!”

अन् बटण दाबलं.

पार्सल आलं. शालूनं शूटिंग केलं. त्यात डबी उघडताना माझं तोंड पायरी-पायरीनं उतरत गेलेलं दिसतं. किरण अजूनही ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. त्या दिवशी मात्र ती हसली नाही. “छान आहे आजी,” म्हणाली अन् अंगठी बोटात घातली. एवढ्या मायेनं खोटं बोलली की मला सरळ फोनच उचलावा लागला.

तर फोनवरची ती पोरगी. आवाज साखरेचा, चिकाटी गोचिडाची.

“मॅडम, कट मतलब टूटा हुआ नहीं. हीरे को घिसके पहलू बनाते हैं, उसी से चमक आती है. अनकट मतलब बिना तराशा, कच्चा.”

मी मटकन खाली बसले. पंचवीस वर्षांत शालूनं मला भांडण अर्धवट सोडून बसलेलं पाहिलं नव्हतं. ती पाणी घेऊन धावत आली.

“मग हे पयले सांगता नाही येत?” मी पाणी पिऊन पुन्हा उभी राहिले.

“फोटो के नीचे लिखा था, मॅडम.”

लिहिलं होतं. मी वाचलंही होतं. घरच्यांना मोठ्यानं वाचूनही दाखवलं होतं!

“मैं बदल देती हूं,” पोरगी म्हणाली, “पर कारण लिखना पड़ेगा. माल खराब, लिखूं?”

“लिखो!”

“तो जांच होगी. दस दिन.”

“अवो, रविवारी साक्षगंध हाय!”

“गलत माल भेजा, लिखूं?”

“हां, तेच लिखो!”

“उसकी भी जांच होगी, मॅडम. बिना जांच एक ही में होता है, ग्राहक की गलती. वो लिखा तो चमकवाली अंगूठी शनिवार को घर पे.”

ग्राहक की गलती! मी चूक कबूल केलेली आमच्या गावात कोणाला आठवत नाही. सासूपुढं केली नाही, नवऱ्यापुढं केली नाही, अन् या न पाहिलेल्या पोरीपुढं करू? अन् तीही कायमची लिहून?

“थोडी कंपनीचीबी चूक हाय,” मी आवाज उतरवून म्हटलं.

“आधा-आधा का ऑप्शन नहीं है, मॅडम.”

मी किरणकडे पाहिलं. शालूकडून अंगठी परत घेऊन ती दारात बसली होती, बोटात फिरवत होती. इकडून धर, तिकडून धर, कुठून तरी चमकेल म्हणून.

“मॅडम? लाइन पे हैं? क्या लिखूं?”

मी पदर खोचला, घसा साफ केला, अन् शेजारपाजारलाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “लिखो बेटी, हीरा बराबर है, गिराहिक अनकट है!”